आखाड्यावरची रातपाळी

स्टीलच्या बादलीत पहिली धार वाजते तेव्हा गोठ्यात एकही मांजर नसते. पाचव्या-सहाव्या धारेपर्यंत तीन होतात. एक कडब्याच्या गंजीवरून उतरते, दुसरी तुराट्यांच्या ढिगातून अंग झटकत निघते. तिसरी सगळ्यांत म्हातारी. ती कुठून येते हे घरात कुणी पाहिलेलं नाही, कारण बघावं तेव्हा ती आधीच खुंट्याजवळ येऊन बसलेली असते.

उमरखेडहून पैनगंगेकडे उतरताना दोन्ही अंगांना ऊस, हळद, सोयाबीन आणि पराटी लागते. जिल्हा यवतमाळ, पण मार्लेगावचा पूल ओलांडला की नांदेड जिल्हा सुरू, त्यामुळे बोलण्यात अर्धी वऱ्हाडी आणि अर्धी मराठवाडी मिसळलेली. शेतातल्या घर-गोठ्याला इथं ‘आखाडा’ म्हणतात, आणि त्यात पैलवानांचा काही संबंध नाही. अशाच एका आखाड्यावरचं हे बिऱ्हाड. जनावरं किती म्हणून विचारलं तर घरधनी बोटांवर मोजत सांगतो: बैलजोडी, दोन म्हशी, एक वगार, सहा शेळ्या, कोंबड्या, कुत्रा. मांजरी मोजायच्या राहतात. त्यांना दावं नाही, कानात बिल्ला नाही, विमा नाही. बैलाला पोळा आहे, गाईला वसुबारस आहे, नागालासुद्धा पंचमी आहे. मांजरीच्या नावानं या घराच्या पंचांगात एकही दिवस नाही.

तिची ताटली मात्र आहे. जर्मनची, काठाला चेपलेली. धार उरकली की आजी ती पायानंच पुढं ओढतात. सकाळची उरलेली ज्वारीची भाकर तीत कुस्करलेली असते, वर पळीभर दूध आणि दूध दिसेनासं होईल इतकं पाणी. पाण्यामागं चिकटपणा नाही. एकदा नातवानं लाडानं वाटीभर निर्जळ म्हशीचं दूध पाजलं आणि मांजरीला दोन दिवस ढाळ लागली. पिल्लू मोठं होत गेलं की दुधातली साखर पचवायची ताकद बहुतेक मांजरींत कमी होत जाते. डोळे मिटून दूध पिणारी मांजर म्हणीत शोभते, गोठ्यात तिच्यामागं राख टाकत फिरावं लागतं.

सुनेची तक्रार वेगळीच. ‘‘मामी, एवढं खाऊ घातल्यावर ह्या उंदीर कशाला धरतीन?’’

‘‘उपाशी मांजर उंदीर नाही धरत बाई,’’ आजी ताटलीवरून नजर न काढता म्हणतात, ‘‘दुसऱ्याचं घर धरते.’’

ऑक्सफर्डमध्ये बसून एक माणूस याच निष्कर्षाला पोचला होता. चार्ल्स एल्टन हा नावाजलेला प्राणिशास्त्रज्ञ. शेतावरच्या मांजरी उंदरांचा बंदोबस्त किती करू शकतात यावर त्याचा लेख १९५३ साली प्रसिद्ध झाला. त्यानं पाहिलेल्या इंग्लंडमधल्या शेतघरांवर दोन गोष्टी दिसल्या. उंदरांनी आधीच भरलेलं घर मांजरी रिकामं करू शकल्या नाहीत. पण एकदा उंदीर दुसऱ्या उपायानं हटवले आणि मांजरींना रोज दूध दिलं, तर त्यांनी इमारती आणि आजूबाजूचा पट्टा उंदरांपासून मोकळा राखला. दुधाचं काम एवढंच की मांजर तिथं टिकावी. पुढं १९७६ साली एका प्रयोगात मांजरींना आवडीचं खाणं देऊन, खाता खाता समोर उंदीर सोडला. त्यांनी खाणं सोडलं, उंदीर मारला आणि पुन्हा ताटलीकडे वळल्या. मारण्याची ओढ आणि पोटाची भूक या मांजरीच्या बाबतीत दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सुनेला हे सगळं सांगितलं तर ती म्हणेल, मग दूध अजून पातळ करा.

आखाड्यावर उंदीर यायला कारणं भरपूर. सोयाबीन निघालं की बहुतेक थेट बाजारात जातं, पण वर्षाची ज्वारी, गहू, तूर आणि पुढच्या पेऱ्याचं बियाणं घरातच राहतं. पूर्वी बांबूच्या कणग्या शेणानं लिंपून भरत, काही गावांत पेवं होती. आता पत्र्याच्या कोठ्या आल्या आहेत, आणि कोठीत न मावलेलं सगळं प्लॅस्टिकच्या गोण्यांत. गोणी म्हणजे उंदराला कागदच. उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढत असतात, म्हणून भूक नसली तरी तो कुरतडतोच. ठिबकच्या नळ्या, मोटारीच्या स्टार्टरपेटीतल्या वायरी, फवारणी पंपाचा पट्टा, काही चालतं. वीस-एक ग्रॅमचा घरउंदीर दिवसाला तीन-चार ग्रॅम दाणा खातो, हे ऐकायला किरकोळ वाटतं. पण खाण्यापेक्षा नासवतो जास्त. लेंड्या आणि मूत पडलेली ज्वारी निवडायला बसलं की अर्धा दिवस जातो, आणि ती बाईमाणसाचीच मजुरी असल्यामुळे कुठं लिहिली जात नाही.

उंदरांच्या येण्याचे दोन हंगाम ठरलेले आहेत. पावसाळ्यात शेतातल्या बिळांत पाणी शिरलं की एक लोंढा बांधावरून घराकडे सरकतो. सोयाबीन सोंगून वावर मोकळं झालं की दुसरा. या दोन्ही वेळी ताटलीतली भाकर तशीच सुकलेली दिसते.

भाकरीवर वाढलेली मांजर जगते कशी, हाही एक प्रश्नच होता. हे घर माळकरी, अंडंसुद्धा शिजत नाही. मांजर तर पक्की मांसाहारी. टॉरिन नावाचं एक द्रव्य तिचं शरीर पुरेसं बनवू शकत नाही. ते धान्यात नसतं, दुधात अगदी थोडं असतं. ते मिळालं नाही तर डोळ्यांचा पडदा झिजतो, हृदय थकतं. मांजरीचं आंधळेपण आणि टॉरिन यांचा संबंध १९७५ साली लक्षात आला. उंदरात मात्र ते भरपूर असतं. म्हणजे माळकऱ्याच्या आखाड्यावरची मांजर भाकरीसाठी राहते आणि उंदरावर जगते. आजींच्या माळेला यात कुठं बाधा येत नाही. ताटलीत काय पडतं ते त्यांचं, ताटलीबाहेर काय घडतं ते मांजरीचं. गुळाच्या ढेपेकडे मात्र तिन्ही ढुंकून पाहत नाहीत, ढेप उघडी राहिली तर मुंग्याच येतात. गोड चव ओळखणारं जनुक मांजरीत निकामी झालेलं आहे.

म्हातारीचं नाव कबरी. पांढऱ्यावर काळे आणि तांबूस ठिपके. ‘‘तीन रंगांची निघाली म्हणजे मादीच,’’ आजी पिल्लू उचलायच्या आधीच सांगतात आणि सहसा चुकत नाहीत. तांबड्या रंगाचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. काळा आणि तांबडा दोन्ही एका अंगावर यायला दोन एक्स लागतात, आणि ते मादीकडे असतात. ते जनुक नेमकं कोणतं, हे जपान आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी २०२५ साली प्रसिद्ध केलं. कबरीच्या दोन लेकी: एक काळी, एक पांढरी. पांढरी फाल्गुनात पांढरी राहत नाही. हळद शिजवून अंगणात वाळत घातली की ती त्या ढिगांवरूनच ये-जा करते, आणि पाडव्यापर्यंत चारी पाय नवरीसारखे पिवळे.

शिकार बघायची तर कबरीची. रात्री नऊच्या सुमाराला धान्याच्या खोलीत ती गोण्यांच्या थप्पीसमोर बसते. बसते म्हणजे पुढचे पाय अंगाखाली घेऊन, शेपूट गुंडाळून, झोपल्यासारखी. फक्त कान जागे, एक डावीकडे, एक समोर. पंधरा मिनिटं काहीच होत नाही. वीस मिनिटं होतात. बॅटरी घेऊन बघणाऱ्याचे पाय अवघडतात. मग थप्पीमागं प्लॅस्टिक किंचित करकरतं आणि दोन्ही कान एकाच दिशेला येतात. ती उठत नाही. मागचा भाग तेवढा हलतो, जमीन चाचपून बघावी तसा. उडी दिसत नाही, ऐकू येतो तो नंतरचा आवाज: पंजाखाली एक बारीक चिरका. मानेवर दात, आणि संपलं. उंदीर तोंडात धरून ती बाहेर जाते, कारण घरात खाल्लेलं आजींना चालत नाही हे तिला केव्हाच कळलेलं आहे.

ही लहान उंदरांची गोष्ट. घूस दिसली की तीच कबरी दुसरीकडे बघू लागते. पूर्ण वाढलेली घूस किलोच्या आसपास भरते, उलटून चावते, आणि मांजर हिशेबी प्राणी आहे. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात एका कचरा-प्रक्रिया केंद्रात संशोधकांनी ७९ दिवस कॅमेरे लावून मोकाट मांजरी आणि मोठे उंदीर यांच्यावर नजर ठेवली. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात मांजरींनी मारलेले उंदीर भरले दोन. मांजरी दिसल्या की उंदीर बाहेर कमी पडत आणि आडोशाला जास्त राहत, एवढंच. आखाड्यावर घुशीचं काम कुत्र्याकडे आणि सालगड्याच्या काठीकडे आहे. मांजर ठेवली की घुशी जातात असं कुणी सांगितलं तर त्यानं घूस जवळून पाहिलेली नाही.

खरा व्याप पिल्लांचा.

मांजरीचे दिवस भरतात ते त्रेसष्ट ते पासष्ट दिवसांत. शेवटच्या आठवड्यात ती घरभर जागा हुंगत फिरते: गोधड्यांची वळकटी, जुनी सुपं, रिकामी कोठी. काळीनं गेल्या वेळी तुराट्यांच्या ढिगात चार दिली. आजींनी तो ढीग पंधरा दिवस चुलीसाठी मोडू दिला नाही. सून पराट्या जाळत राहिली. डोळे उघडायला आठ-दहा दिवस लागतात. त्यानंतर आजी रोज संध्याकाळी ढिगाशेजारी फतकल मारून बसत आणि एकेक पिल्लू ओच्यात घेऊन पाठीवरून बोट फिरवत. याला त्या ‘माणसाळणं’ म्हणतात आणि त्याची मुदत त्यांना पक्की माहीत आहे. डोळे उघडल्यापासून महिना-दीड महिना. या काळात माणसाचा हात लागला नाही तर पिल्लू पुढं कायमचं बुजरं राहतं, आखाड्यावर असूनही रानातलं. मांजरींचा अभ्यास करणारेही दुसऱ्या ते सातव्या आठवड्याची हीच मुदत सांगतात.

मग एका सकाळी ढीग रिकामा. काळीनं रात्रीतून चारी पिल्लं मानगुटीला धरून बैलगाडीच्या जुन्या तट्ट्याखाली नेलेली. दहा दिवसांनी तिथूनही हलवली. मांजर पिल्लांना सात घरं दाखवते असं म्हणतात. सात कुणी मोजली नाहीत, पण हलवण्यामागं कारण असतं. जागा घाण होते, पिसवा होतात, आणि बोक्याला वास लागतो. परका बोका पिल्लं मारतो. पिल्लं गेली की मांजर लवकर माजावर येते, हा त्यातला त्याचा फायदा. या शिवारात एक भुरा बोका आहे, कुणाचाच नाही. एक कान फाटलेला, डोकं मडक्याएवढं. तो आला की कोंबड्या ओरडायच्या आधी काळी गुरगुरते. त्याला हाकलायला कुणी दगड मारला तरी आजी हात धरतात, कारण मांजर मेली तर काशीला सोन्याची मांजर द्यावी लागते. ‘‘सोन्याचा भाव ऐकला का?’’ एवढंच त्या विचारतात.

भक्तीचे दोन मार्ग समजावताना जुन्या आचार्यांनी माकडीण आणि मांजर यांचा दाखला घेतला. माकडीचं पोर आईला स्वतः धरून राहतं, मांजरीचं पिल्लू काहीच करत नाही, आईच त्याला उचलते. मार्जारकिशोरन्याय असं भारदस्त नाव त्याला आहे. काळीला चार फेऱ्या करताना बघितलं की न्याय सोपा वाटतो. पिल्लू मानगुटीला धरताच पाय पोटाशी घेऊन लोंबकळतं, हूं का चूं करत नाही.

पाचव्या आठवड्यात शाळा भरते. आधी मेलेला उंदीर येतो, पिल्लं त्याच्याशी खेळतात, कशाशी खेळतोय हे न कळून. मग अर्धमेला. मग जिवंत, आणि आई बाजूला बसते. पहिल्या दिवशी जिवंत उंदीर चौघांच्या मधून निघून कुटारात गेला. काळीनं उठून तो परत आणला.

चारांपैकी एक कुत्र्यानं धरलं, दोन पिल्लं पाहुण्यांनी नेली, एक राहिलं. नेणाऱ्याला आजी दोन गोष्टी बजावतात. पोत्यात घालून नेऊ नको, डालग्याखाली झाकून ने. आणि नेल्यावर पंधरा दिवस तरी खोलीत कोंडून, तिथंच खाऊ-पिऊ घाल. नाही तर जाणत्या मांजरीला दोन-तीन कोसांवरूनही मूळ घर सापडतं. विडूळकडे दिलेली एक मांजर आठवड्यानं परत आली होती, अंगावर पराटीची बोंडं-काड्या घेऊन. तिला पुन्हा कुणी नेलं नाही.

पिल्लं वाटून संपत नाहीत, हे गणित सगळ्यांना कळतं. मादी सहा महिन्यांच्या आतच माजावर येऊ शकते, आणि वर्षात दोन-तीन वेतं सहज होतात. उपाय शस्त्रक्रियेचा. पण खेड्यातला जनावरांचा दवाखाना मुख्यतः गाई-म्हशींच्या रेतनात, लाळ्या-खुरकुताच्या लसीत गुंतलेला. मांजर घेऊन गेलं तर तिला धरायचं कसं इथूनच सुरुवात. इथल्या लोकांना माणसाच्या मोठ्या आजारालाही यवतमाळपेक्षा नांदेड जवळचं. कबरीला एकदा नांदेडला नेलं, झाकलेल्या पाटीत, एसटीच्या मागच्या सीटवर. हदगावपर्यंत ती ओरडली आणि मग शेजारचा प्रवासी ओरडायला लागला. ऑपरेशन झालं, टाके सुकले. काळीची पाळी पुढच्या महिन्यावर, मग हळदीनंतर, मग लग्नसराईनंतर अशी ढकलत राहिली.

बाहेरून येणाऱ्या संकटांत वाहनं आहेत, बिनकठड्याच्या विहिरी आहेत, पण सगळ्यांत मोठं संकट घरातल्याच कोनाड्यात आहे. उंदरांचं औषध. झिंक फॉस्फाइडचं काळं चूर्ण पिठाच्या गोळ्यांत मिसळून ठेवतात. ते मांजरीनं चाटलं तर उपाय करायला वेळ उरत नाही. ब्रोमाडियोलोनच्या तयार वड्या मंद. त्या खाल्लेला उंदीर दोन-चार दिवस झिंगत फिरतो, म्हणजे मांजरीला आयताच सापडतो, आणि ते विष तिच्याही रक्ताची गोठण्याची शक्ती मारतं. वेळेत कळलं तर के जीवनसत्त्वानं जीव वाचतो, पण शेतात ते वेळेत कळणार कसं? मांजर पाळायची आणि विषही ठेवायचं, म्हणजे राखणदाराच्या जेवणात विष कालवणं. या घरानं विष बंद केलं. शेजारच्या आखाड्यानं नाही, आणि मांजरीला बांध कळत नाही.

दुसरं विष फवारणीचं. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. त्यानंतर तोंडाला फडकं आणि हातमोज्यांचं बोलणं तरी सुरू झालं. मांजरीचा विचार त्यात कुणी करणार नाही, पण घडतं ते असं: फवारून आलेला माणूस ओट्यावर टेकतो, मांजर त्याच्या पँटला अंग घासते आणि मग तासभर स्वतःला चाटते. कापसावर मारली जाणारी काही औषधं पायरेथ्रॉइड जातीची. माणसाच्या मानानं ती मांजरीला फार लवकर बाधतात, कारण त्यांचा निचरा करणारी यकृतातली यंत्रणा तिच्यात दुबळी आहे. त्याच दुबळेपणामुळे तापावरची पॅरासिटामॉलची एक गोळीही तिचा जीव घेऊ शकते. आता या घरात फवारणीचे कपडे गोठ्यामागच्या तारेवर जातात आणि माणूस अंघोळीशिवाय ओट्यावर येत नाही. हे मांजरीसाठी सुरू झालं, हे घरधनी कबूल करत नाही.

मांजरीनं माणसाला उपद्रव होत नाही असंही नाही. ओरखडा-चावा झाला तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुणं आणि रेबीजची लस, यात हयगय नको. कुटारात तिची विष्ठा पडली तर शेळ्या गाभडू शकतात, तो टॉक्सोप्लाझ्मा नावाचा जंतू. म्हणून शेळ्यांचं कुटार झाकलेलं असतं, आणि मांजरीसाठी परसात राखेचा ढीग मोकळा. चिमण्या आणि सरडे ती मारते त्याला मात्र इलाज सापडलेला नाही. उंदीर धर आणि चिमणी सोड, हे तिला कोण सांगणार?

तालुक्याच्या बंदीभागात, पैनगंगा अभयारण्याच्या कडेला, मांजर म्हटलं की आणखी दोन नावं निघतात: रानमांजर आणि वाघाटी. वाघाटी ही जगातल्या सर्वांत लहान रानमांजरांपैकी एक, पूर्ण वाढूनही दीड किलोच्या आत-बाहेर. ऊसतोड सुरू झाली की महाराष्ट्रात दर वर्षी फडात पिल्लं सापडल्याच्या बातम्या येतात. लोक बिबट्याची समजून घाबरतात किंवा मांजरीची समजून घरी नेतात. जुन्नरकडे वनखातं आणि माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्रातली मंडळी अशी पिल्लं रात्री त्याच जागी ठेवतात, आणि बऱ्याचदा आई येऊन घेऊन जाते. पोफाळीच्या कारखान्याकडे ऊस पाठवणाऱ्या या पट्ट्यातल्या टोळ्यांनाही फडात दोन ठिपकेदार पिल्लं दिसली, तर हात न लावता तेवढा ऊस त्या दिवशी उभा ठेवणं हेच बरं. आजींचं त्यावरचं ज्ञान साधं: घरच्या मांजरीचं पोर ऊसात कशाला जाईल?

गेल्या महिन्यात धान्याच्या खोलीचं जुनं लाकडी दार काढलं. त्याच्या खालच्या फळीला कोपऱ्यात एक चौकोन कापलेला होता, कडा मांजरींच्या अंगानं गुळगुळीत झालेल्या. नवं दार लोखंडी, उमरखेडहून बनवून आणलेलं, अखंड पत्र्याचं. आजींनी ते आडवं ठेवायला लावलं, खालच्या कोपऱ्यावर वीत ठेवली आणि खडूनं खूण केली.

‘‘इथून उंदीरबी येतीन की आजी,’’ वेल्डिंगवाला पोरगा म्हणाला.

‘‘ते तसेही येतेत.’’

त्यानं चौकोन कापला. कापलेला पत्रा धारदार, निळसर. आजींनी घरधन्याकडून कानस मागून घेतली आणि वरची कड स्वतः बसून घासली, दोनदा बोट फिरवून पाहिलं आणि परत घासली. काळीचं पोट पुन्हा खाली आलेलं होतं. संध्याकाळी ती नव्या दारापाशी आली, चौकोनात डोकं घातलं, मिशा दोन्ही कडांना टेकल्या. तशीच थोडा वेळ थांबली आणि मग आत गेली.